बाकावरच्या परीक्षकांनो, एकदा तरी गप्प बसा

थोपटत होता तो. माझ्या विमानाच्या पुढच्या चाकाला! उकिडवा बसून, पडलेल्या पोराची आई समजूत काढते तशा आवाजात: "झालं हं, संपलं. गेला तो. आता नाही कोणी आपटणार माझ्या बाळाला." आणि हे सगळं माझ्या भाच्यादेखत. त्याला मी आज पहिल्यांदा छोट्या विमानात बसवलं होतं, आणि त्या क्षणापर्यंत मामा म्हणजे त्याच्या लेखी देव होता.

झालं काय होतं? वारा 8 नॉट (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल), झोत 18 पर्यंत. झोताच्या फरकाचा अर्धा वेग जास्त धरायचा, हे आपल्या सगळ्यांकडून घोकून घेतलेलं असतं. म्हणून 60 ऐवजी 65 ने आलो. चुकलं? नाही चुकलं. पण धावपट्टीच्या तोंडाशी आलो आणि वारा मेला. साफ मेला. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंडसॉक दोरीवरच्या पायजम्यासारखा लोंबतोय, आणि आमचं सेसना 172 विमान पट्टीपासून हातभर उंचीवर निवांत तरंगतंय. पाचच नॉट जास्त, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सतरा टक्के जास्त. ती खर्ची पडेपर्यंत बाईसाहेब खाली बसायला तयार नाहीत. निम्मी पट्टी गेली. मग माझा धीर सुटला आणि मी विमानाचं नाक खाली दाबलं. हो, दाबलं! पुढचं चाक आधी लागलं, उसळलो. परत दाबलं, परत उसळलो. तिसऱ्या वेळी विमान आपलं आपणच बसलं, माझी मदत न घेता.

गो-अराउंड करायचा होता, उतरणं सोडून परत वर जायचं होतं, मान्य. बाकावर बसलेल्या प्रत्येकाला गो-अराउंड वेळेवर सुचतो.

तर हा बाक. हँगरच्या सावलीत, तोंड बरोबर पट्टीच्या सुरुवातीकडे. त्यावर आमची चार टाळकी. एरवी चौघं एकाच वेळी बोलत असतात, कोणी कोणाचं ऐकत नाही. पण कोणी फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, आलं की चिडीचूप. तेवढ्या शांततेत यांनी कधी कोणाची ब्रीफिंग ऐकली असती तर आज विमानतज्ज्ञ झाले असते. चाक टेकलं की निकाल. "तिसरं लँडिंग चांगलं होतं हं" हा विनोद तर आज दोघांनी एकामागून एक केला. दुसऱ्याने पहिल्याचं ऐकलेलं असूनही केला! तिसरा उठला, पट्टीच्या कडेपर्यंत चालत गेला, डोळ्यांवर हात धरून बघून आला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "नाही, खड्डा नाही पडला." आणि चौथा थोपटत बसला.

बाकावर बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. यांच्यातल्या एकाचं वैमानिकाचं मेडिकल सर्टिफिकेट कधीचं संपलंय, नवं करायचं नाव नाही, पण माझा फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) किती फुटांवर सुरू झाला ते त्याला अचूक दिसतं. दुसरे टेलव्हीलवाले काका, यांच्या विमानाचं तिसरं चाक शेपटाखाली. त्यांच्या मते पुढे चाक असलेलं विमान म्हणजे तीनचाकी सायकल, आणि ते उडवणारे सगळे बाळं. काका, तुम्ही मागच्या वर्षी टॅक्सी करताना स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेतलीत, तेव्हा आम्ही बोललो का काही? बोललो. पण मागून बोललो. चाकाला नाही थोपटलं.

तिसरा मायक्रोलाइटवाला, म्हणजे अगदी हलक्या विमानाचा. त्याचं ते रोटॅक्स 912 इंजिन. सकाळी सकाळी पंखा हाताने फिरवत बसतो, तेलाच्या टाकीतून गुडगुड आवाज येईस्तोवर. बाळाची ढेकर काढावी तसं. तोवर सूर्य डोक्यावर. वर आम्हाला ऐकवतो की तुमचं इंजिन म्हणजे ट्रॅक्टर. अरे, तुझं शिवणयंत्र साडेपाच हजार आरपीएमवर किंचाळतं, ते कमी करून पंख्याला पोचवायला मध्ये गिअरबॉक्स लागतो, आणि ट्रॅक्टर आमचं? पंख वर की पंख खाली, यावर तर मी आता तोंड उघडणंच सोडलंय. पंख वर असला की खालचं दिसतं, पंख खाली असला की वळताना दिसतं. संपला विषय. यांचा तो कैक वर्षं संपत नाही.

आणि "आडव्या वाऱ्यासाठी 15 नॉट ही मर्यादा नाही, तो फक्त दाखवून दिलेला आकडा आहे" हे वाक्य जो पुढच्या वेळी उच्चारेल, त्याला मी टो-बारने, म्हणजे विमान ओढायच्या दांड्याने, हाणणार आहे. टो-बार सापडला तर. कारण तो जागेवर कधी नसतोच. चौघांत मिळून एक विमान घेतलं की हेच होतं. इंधन काढून तपासायचा माझा फ्युएल टेस्टर गेला. दुसरा आणला, तोही गेला. तिसऱ्यावर नाव घातलं, तर नाव खोडून परत आला, आणि आत इंधनाच्या निळ्या थेंबाशेजारी मेलेली माशी. सीट कायम शेवटच्या खाचेत ढकललेलं, कारण एकाचे पाय ताडासारखे. नाकाचा कल ठरवणारी ट्रिम अशी सोडलेली की टेकऑफला नाक आभाळाकडे. आणि विजेचा मास्टर स्विच! गेल्या महिन्यात आभाळ काचेसारखं स्वच्छ, वारा शून्य, मी पहाटे उठून हजर, आणि बॅटरी ठार. कोणी चालू ठेवला? कोणीच नाही. बाकी तिघांची तोंडं देवघरातल्या समईसारखी शांत. विमानाने स्वतःच रात्री उठून चालू केला असेल, अंधाराची भीती वाटली म्हणून.

मुळात जास्त राग कशाचा येतो सांगू? ही माणसं बहुतेक वेळा बरोबर असतात. एकदा भर उकाड्यात इंजिन खोकायला लागलं, तर मेडिकल संपलेला गृहस्थ जागचा न उठता म्हणाला, "कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरलाय." मी हसलो. एवढ्या घामात बर्फ? हवेत दमटपणा होता, कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कार्ब हीट ओढली, इंजिन दोन आचके देऊन सुरळीत. तो अजूनही मला भेटला की "आज थंडी आहे का रे" विचारतो. कितीही ऊन असो.

बरं, खराब लँडिंग काय मी एकट्याने शोधून काढलं? फ्रेंच वैमानिक ब्लेरिओने 1909 मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली आणि उतरताना चाकांचा सांगाडा आणि पंखा दोन्ही मोडून ठेवले. त्याचा जगाने सत्कार केला. कोणी त्याच्या चाकाला थोपटल्याची नोंद नाही. आणि राइट बंधू? 17 डिसेंबर 1903, चौथं उड्डाण, 59 सेकंद, 852 फूट, उतरताना पुढची चौकट मोडली. तीही दुरुस्त झाली असती. पण नंतर ही मंडळी विमानाशेजारी उभी राहून त्याच उड्डाणावर चर्चा करत बसली, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि विमान उलथंपालथं करून गेला. ते विमान परत कधी उडालं नाही. म्हणजे पहिल्यावहिल्या विमानाचा शेवट आकाशात नाही, जमिनीवरच्या गप्पांत झाला. माझं ऐका, त्या वाळूत कुठेतरी एक बाक असणारच.

असो. आता मूळ दुखणं सांगतो, जे इतका वेळ मी सफाईने टाळत होतो.

रेडिओवर बोलायचं बटण योकवर, म्हणजे विमानाच्या सुकाणूवर, डाव्या अंगठ्याखाली असतं. पहिल्या उसळीला माणूस योक कसा धरतो? जिवाच्या आकांताने. अंगठ्यासकट. त्यामुळे दुसऱ्या उसळीच्या वेळचं माझं खणखणीत "आई गं!" त्या फ्रीक्वेन्सीवरच्या प्रत्येकाने ऐकलं. सर्किटमध्ये, म्हणजे पट्टीभोवतीच्या फेऱ्यांत, आणखी दोन विमानं होती. त्यांतल्या एकाने अत्यंत शिष्ट आवाजात विचारलं, "आई गं, पुन्हा सांगा?" आणि बाकावर हातातला रेडिओ असतो, त्याचा आवाज कायम पूर्ण मोठा. म्हणजे पार्किंगपर्यंत पोचायच्या आधीच माझा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, बदललेला होता. "आई गं, पार्किंगला स्वागत आहे." भाचा मागे वळून वळून हसतोय. कार्टं.

तो रेडिओ बाकावर आणून ठेवला कोणी? मी. दोन वर्षांपूर्वी. टेलव्हीलवाले काका रेडिओवर स्वतःशीच गुणगुणतात असं कळलं होतं म्हणून.

तरी म्हटलं, न्याय होईल. थोपटणारा महाशय तासाभराने स्वतः वर गेला. मी बाकावर त्याच्याच जागेवर बसलो, भाच्याला शेजारी घेतलं, रेडिओचा आवाज वाढवला. फायनलवर आला. आम्ही सगळे चिडीचूप. मनात मी काय काय तयार ठेवलं होतं विचारू नका. वारा परत सुटलेला, झोत चांगले तिरपे. आणि त्या नालायकाने विमान असं टेकवलं की चाकं फिरायला लागली तेव्हाच कळलं, उतरलंय. आवाज नाही, धूर नाही, काही नाही.

बाकावर कोणी काही बोललं नाही. भाचा उभा राहिला, पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मामा, असंही उतरता येतं?"

फ्लेअर जरा उंचावर झाला होता त्याचा. मी पाहिलंय.