बारा कॉलमांचा सातबारा

तिमाही आढाव्याचे प्रेझेंटेशन बांधण्याचे काम आमच्या कंपनीत ज्याच्या गळ्यात पडते, त्याला बाकीचे विभाग अतिशय आपुलकीने चहा पाजतात आणि बैठकीच्या आदल्या रात्रीपर्यंत आपली स्लाइड मात्र पाठवत नाहीत. ती येते तेव्हा एकाचा मजकूर कॅलिब्री फॉन्टमध्ये असतो, दुसऱ्याचा एरिअलमध्ये आणि मनुष्यबळ विभागाचे रजेचे धोरण कॉमिक सॅन्समध्ये. व्हिन्सेंट कॉनारे यांना 1994 साली हा टाइप सुचला, तो पडद्यावरील एका कार्टून कुत्र्याच्या तोंडी टाइम्स न्यू रोमनमधला मजकूर पाहून. आमच्याकडे त्याच टाइपमधून विनावेतन रजेचे नियम समजावून सांगितले जातात.

या वेळी हे सारे वळणावर आणायचेच, असे मी ठरवले आणि ग्रिडचा अभ्यास केला. स्वित्झर्लंडच्या योझेफ म्युलर-ब्रॉकमान यांनी 1981 साली ग्रिडवर एक अख्खा ग्रंथ लिहिला असून, पान आधी अदृश्य कॉलमांत विभागावे आणि मग प्रत्येक चित्र, प्रत्येक परिच्छेद त्या कॉलमांच्या कडांना धरून बसवावा, हे त्याचे सार आहे. सोळास नऊ प्रमाणातील स्लाइड पॉवरपॉइंटमध्ये 33.87 सेंटिमीटर रुंद असते. तीत 2.1 सेंटिमीटरचे बारा कॉलम आणि त्यांच्यामध्ये अर्ध्या सेंटिमीटरच्या फटी ठेवल्या, तर दोन्ही बाजूंना दीड सेंटिमीटरहून किंचित जास्त समास उरतो. बाराच का, तर बाराला दोन, तीन, चार आणि सहा या सर्वांनी भाग जातो, त्यामुळे तीन आलेख शेजारी ठेवा की चार फोटो, हिशेब कुठे अडत नाही. आल्ट आणि एफ नाइन एकदम दाबले की मार्गदर्शक रेषा उमटतात, आणि त्या मास्टर स्लाइडवर, म्हणजे सर्व स्लाइडांच्या मूळ साच्यावर, आखून ठेवल्या की कुणाच्या माऊसने चुकून हलत नाहीत. रात्री त्या रेषांकडे पाहताना मला स्थापत्यशास्त्राची पदवी मिळाल्यासारखे वाटत होते.

सकाळी कळले की ती जमीन मोकळी नव्हती. कंपनीची स्लाइड ही वडिलोपार्जित शेतासारखी असते: सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे, कसणारा एकटाच, आणि बांध जरा सरकला की भाऊबंद हजर. वरचा उजवा कोपरा ब्रँडवाल्यांचा, तळाची पट्टी कायदा विभागाची, डावीकडचा तुकडा निर्यातवाल्यांनी मागच्या दिवाळीपासून बळकावलेला. मी सगळे आकडे एका कडेला आणले, शीर्षक मोठे आणि तपशील लहान केला, एकमेकांशी नाते असलेल्या गोष्टी जवळ ठेवल्या आणि उजवीकडचे चार कॉलम मुद्दाम रिकामे सोडले, कारण नजरेला टेकायला जागा लागते.

सेल्सचे साहेब त्या चार कॉलमांकडे बराच वेळ पाहत राहिले.

“इथे काही यायचं राहिलंय का?”

“नाही सर, ती जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे.”

“अहो, इतकी मोकळी जागा पाहून मॅनेजमेंटला वाटेल, तिमाहीभर आपण काही केलंच नाही. प्लँटचा फोटो टाका. आणि तो बाण फिरवत आणा.”

मी शेवटचे अस्त्र काढले. 2003 साली कोलंबिया अवकाशयान कोसळले, त्याच्या चौकशी अहवालात एका स्लाइडवर खास टीका आहे. शीर्षकात दिलासा देणारी भाषा होती आणि उड्डाणावेळी पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याचा प्रत्यक्ष आघात हा चाचण्यांच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडचा आहे, ही खरी धोक्याची गोष्ट तळाच्या उपमुद्द्यात दडपली गेली होती. साहेबांनी हे गंभीरपणे ऐकून घेतले, मान हलवली आणि म्हणाले, “म्हणूनच मी सांगतो, सगळे मुद्दे एकाच स्लाइडवर असावेत. मग काही सुटत नाही.”

खरी कसोटी मात्र चाकणच्या कामगारांसाठी केलेल्या सुरक्षेच्या स्लाइडने पाहिली, कारण ती डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी अशी होती. ग्रिडच्या बहुतेक पुस्तकांत रोमन लिपी गृहीत धरलेली असते. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी राहतात, आपली शिरोरेखेला लटकतात. त्यामुळे दोन्ही चौकटींची वरची कड मिलिमीटरपर्यंत जुळवली तरी ओळी काही समोरासमोर येत नाहीत. त्यात ओळींमधले अंतर इंग्रजीइतकेच ठेवले, तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत पाय अडकवून बसतो आणि “यंत्र सुरू असताना हात घालू नये” या सूचनेतला नेमका “नये” गिचमिडीत जातो. मी मराठीचे ओळअंतर सैल केले, अक्षर एका पॉइंटने वाढवले, इंग्रजी मजकूर छाटला आणि ओळी शिरोरेखेवरून जुळवल्या. तेवढ्यात प्लँटमधून सुधारित मजकूर आला, तोही जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, त्यामुळे माझ्या पडद्यावर कंसांची आणि डॉलरच्या चिन्हांची पलटण उभी राहिली. ग्रिडवर मात्र ती अगदी शिस्तीत उभी होती, हे मान्य करावे लागेल.

वाटाघाटी संध्याकाळपर्यंत चालल्या. प्लँटच्या फोटोला तीन कॉलम दिले, बाण रद्द झाला, त्रिमितीतील पाय चार्ट मी ठाम नाकारला, कारण तिरप्या तबकडीत पुढची फोड उगाच मोठी दिसते. पुढची फोड सेल्सचीच होती, त्यामुळे साहेब दुखावले. चौथा कॉलम मी रिकामा राखला.

बैठकीत पहिल्याच स्लाइडवर एमडी साहेब थांबले. एक मोठा आकडा, त्याखाली एक ओळ, बाजूला श्वास घ्यायला जागा. मी खुर्चीत ताठ बसलो.

“छान,” ते म्हणाले. “याची एक्सेल आहे का?”

अर्थ विभागाच्या मॅडमकडे ती उघडलेलीच होती. पुढचा तासभर पडद्यावर तीच होती: बोटभर रुंद रकाने, आठ पॉइंटमधले आकडे, अर्ध्या घरांत रुंदी न पुरल्याने उमटलेली हॅशची चिन्हे, आणि समास कुठेच नाही. ती उघडल्यापासून कुणी मोबाइलला हात लावला नाही. निघताना सेल्सचे साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पुढच्या वेळी हीच शीट त्या रिकाम्या कॉलममध्ये बसते का बघा.”