मास्ट्रिख्टचं चर्च पुस्तकांनी रिकामं केलं नाही

"सातशे वर्षं प्रार्थना चाललेलं चर्च, लोकांची श्रद्धा आटली म्हणून पुस्तकाच्या दुकानाला दिलं. त्या वास्तूची विटंबना झाली." नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या, डॉमिनिकन या ख्रिस्ती साधुपंथाच्या चर्चच्या फोटोसोबत हा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. फोटो खरा आहे, मजकूर चुकीचा आहे.

आधी सातशे वर्षांचं बघू. या गॉथिक चर्चची प्रतिष्ठापना १२९४ची. १७९४ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या सैन्यानं शहर घेतलं आणि १७९६ मध्ये साधूंचा मठ बरखास्त झाला. दुकान उघडलं २००६ साली! मधल्या दोनशे वर्षांचं काय?

श्रद्धा आटल्यामुळे तर साधू गेले नाहीत. त्यांना फ्रेंच सत्तेनं घालवलं.

आता विटंबना. हा शब्द वापरायचाच असेल तर त्या मधल्या काळासाठी वापरा. तिथे घोडे बांधले, माल साठवला, मुष्टियुद्धाचे सामने भरवले, शेवटी सायकली लावल्या. तेव्हा हळहळलेलं कुणी मला दिसत नाही. दुकान आलं तेव्हा जागा लागत होती सुमारे १२०० चौरस मीटर, आणि जमीन होती ७५० च्या आसपास. सोपा मार्ग म्हणजे मधोमध मजला टाकणं. पण मग उंच कमानींखाली उभं राहून वर बघण्याचं सुखच गेलं असतं, आणि गॉथिक वास्तूत दुसरं असतं काय? मर्क्स आणि गिरोद या वास्तुरचनाकारांनी पोलादाचं काळं, बहुमजली कपाट एका बाजूला उभं केलं. मधला गाभा मोकळाच राहिला. कपाटाच्या जिन्यानं वर गेलं की छतावरची जुनी चित्रं पूर्वी कधी नव्हती इतकी जवळून दिसतात. मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंत संत थॉमस अक्वायनस यांच्या आयुष्यावरचं १३३७ चं भित्तिचित्रही तिथेच आहे. अक्वायनस स्वतः डॉमिनिकन, आणि या साधूंचं कामच मुळी प्रवचन आणि अध्ययन. त्यांच्या घरात पुस्तकं परकी कशी?

हा "नुसता धंदा" आहे असं कुणी म्हणेल, तर तो आक्षेपही टिकत नाही. २०१४ मध्ये दुकान चालवणारी साखळी दिवाळखोरीत गेली. तेव्हा तिथल्याच कर्मचाऱ्यांनी लोकवर्गणी गोळा केली आणि त्याच जागेत स्वतंत्र दुकान पुन्हा उभं केलं.