तिकडचीच झाली का व?

जर्मनीबद्दल चार बरे शब्द तोंडातून निघाले की नागपुरात कोणीतरी विचारतंच, "मग तू आता तिकडचीच झाली का व?" विचारणाऱ्या मावशीच्या मनात राग नसतो, पण उत्तर "नाही हो" असंच यावं अशी तिची अपेक्षा असते. मी "हो" म्हणते. जर्मन पासपोर्ट घेतला, भारतीय परत केला. २०२४ च्या नव्या कायद्यानंतर माझ्याकडे दोन पासपोर्ट असायला जर्मनीची हरकत नव्हती, भारताची होती. आता ओसीआय कार्डावर येते, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते. शेत विकत घेता येत नाही, मत देता येत नाही, म्हणून निदान मत मांडते.

श्टुटगार्टवर माझं प्रेम का, याची कारणं ऐकून लोक हिरमुसतात. त्यात बर्फ नाही, किल्ले नाहीत. आमच्या इमारतीत केरवोखे पाळतात, म्हणजे जिना झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळी. ज्याची पाळी, त्याच्या दाराला छोटी पाटी अडकवायची. मी राहायला आले आणि लगेच खालच्या मजल्यावरच्या आजींनी ती पाटी माझ्या दाराला लावली. मी जिना पुसला. आजी आल्या, कठड्याच्या सळ्यांमधून बोट फिरवलं, धुळीचं बोट माझ्यापुढे धरलं आणि काही न बोलता खाली गेल्या. तेव्हा डोकं सणकलं होतं. पण पाहुणीच्या हातात कोणी झाडू देत नाही, हेही त्याच संध्याकाळी कळलं.

पुढे माझं ऑपरेशन झालं, तेव्हा हॉस्पिटलात माझ्या वाट्याला दिवसाला १० युरो आले, बाकीचं विम्यानं भरलं. आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मिळाला, तसा कायदाच आहे. हे फुकट नव्हे. दर महिन्याला पगारातून जे कापतात ते बघून डोळे पांढरे होतात. पण "आधी डिपॉझिट भरा" म्हणणाऱ्या खिडकीसमोर मी नागपुरात नातेवाइकांसाठी उभी राहिलेली आहे. त्यामुळे माझी कुरकूर थोडक्यात आटोपते.

सगळ्यात मोठं ऋण मात्र भाषेचं. या देशानं माझ्याकडून जर्मन मागितली आणि ती शिकवायची सोयही केली. सरकारी एकात्मता वर्ग: भाषेचे ६०० तास, वर इतिहास, कायदा आणि समाजाचे १००. मी शिकले तेव्हा फीचा मोठा भाग सरकार सोसायचं, आणि दोन वर्षांत शेवटची परीक्षा पास झालात तर भरलेल्यातले अर्धे पैसे परत मिळायचे. आमच्या बाकावर सीरियाचा न्हावी होता, पलीकडे युक्रेनची हिशेबनीस, आणि व्याकरणात तिघंही सारखेच ढ. नागरिकत्वाच्या परीक्षेत ३३ प्रश्न, १७ बरोबर आले की पास. वर्गाबाहेर पडलं की मात्र कानावर येते ती श्वेबिश बोली, पुस्तकातल्या जर्मनशी तिचं फारसं जमत नाही. श्टुटगार्ट ज्याची राजधानी, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याची जाहिरातच वर्षानुवर्षं अशी होती: आम्हाला सगळं जमतं, फक्त शुद्ध जर्मन सोडून. पुण्यात "मी जेवून राहिली" म्हटल्यावर अख्खा हॉस्टेल हसलेला असतो, अशा नागपूरकरणीला या राज्याबद्दल आपुलकी वाटणारच.

पण जर्मनीला हे शहाणपण उशिरा सुचलं. १९५५ मध्ये इटलीशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून त्यांनी कामगार आणले. नाव ठेवलं 'पाहुणे कामगार'. पाहुणे परत जाणार, मग त्यांना भाषा कशाला शिकवायची? १९७३ मध्ये भरती थांबवली, तरी लाखो लोक राहिले, बायकामुलं आली. मग ओरड सुरू झाली की यांना जर्मन येत नाही, हे आपापल्या वस्त्यांतच राहतात. हे सरकारी वर्ग आले ते १ जानेवारी २००५ पासून. अर्धं शतक जे शिकवलं नाही, ते येत नाही म्हणून लोकांना बोल लावत होते.

म्हणून २०२५ मधला आपल्याकडचा भाषेचा वाद मी इथून जरा वेगळ्या कानानं ऐकला. पहिलीपासून हिंदीचा १६ एप्रिलचा शासन निर्णय २९ जूनला मागे घेतला, चांगलं झालं. सहा वर्षांच्या पोरांवर तिसरी भाषा कशाला? पण त्याच सुमारास मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली, आणि दोन तट पडले. एक म्हणतो, मराठी येत नसेल तर चालते व्हा. दुसरा म्हणतो, भाषा मागणं हाच जुलूम. मला दोन्ही पटत नाहीत. माझ्याकडून भाषा मागितली, त्यात माझा अपमान झाला नाही. आणि चालते व्हा म्हणणारे इथेही आहेत: फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत एएफडी हा स्थलांतरितांच्या विरोधातला पक्ष २०.८ टक्के मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. त्यांच्या सभांतली भाषणं ऐकताना मला आपल्याकडचेच काही आवाज ओळखू येतात, आणि अंगावर काटा येतो.

नागपुरात तर हा वाद आणखी गमतीचा. सीताबर्डीवर विकणारा मराठी, घेणारी मराठी, आणि भाव चाललाय हिंदीत. मध्य प्रांताची राजधानी असल्यापासूनची ही सवय. जरीपटक्यात फाळणीनंतर आलेले सिंधी आहेत, बांधकामांवर छत्तीसगडचे मजूर. मी जर्मनांना नागपूरची म्हणून जी संत्रा बर्फी वाटते, ती बनवणारे हल्दीराम मूळचे बिकानेरचे. ते नागपूरकर झाले तेव्हा, "मग तुम्ही आता इकडचेच झाले का?" असं कोणी खिजवून विचारलं असेल असं मला वाटत नाही.

शाळेत मराठी सक्तीची करायचा कायदा २०२० मध्ये झाला. पण पोरांचं झालं. तिशीतल्या गड्यानं कुठे शिकायचं? माझ्या माहेरच्या अपार्टमेंटचा चौकीदार रायपूरकडचा. पोरीच्या शाळेतून मराठी चिठ्ठी आली की ती घेऊन तो जिन्यात थांबतो, कोणीतरी वाचून दाखवेपर्यंत. लोक वाचून दाखवतात, हिंदीत समजावतात आणि वर जातात. शिकायला त्याची ना नाही, त्याला कोणी बोलावलेलंच नाही. मुंबई विद्यापीठात अमराठी लोकांसाठी मराठीचा अभ्यासक्रम तयार झालाय, आणि तो केलाय कोणी, तर तिथल्या जर्मन विभागानं. म्हणजे पुस्तकाचीही अडचण नाही.

महापालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. पेन्शनीतले गुरुजी आणि बाई प्रत्येक मोहल्ल्यात आहेत, आणि शिकवायला मिळालं तर त्यांना हवंच आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी, पोरांना सोबत आणायची मुभा, पास होणाऱ्याला निम्मी फी परत. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही, मुंबईचीही लागत नाही.