'वीस मिनिटांत पाणी ओतून गेले' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एकच स्टार दिलात, पण कारणं सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतोय. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बेडरूममधल्या स्प्लिट एसीच्या इनडोअर युनिटमधून पाणी गळत होतं. आमचा मेकॅनिक आला, एसीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपला बाहेरून व्हॅक्यूम लावला, बाटलीभर पाणी ओतलं आणि वीस मिनिटांत पूर्ण पैसे घेऊन गेला. जाताना 'हे तुम्हाला घरीही करता येईल' असं म्हणाला. तुम्ही व्हिडिओ दाखवून ब्लीच टाकायला सांगितलंत, ते त्यानं टाकलं नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा पाणी आलं आणि त्याही वेळी बिल झालं. पुन्हा बोलवावं लागावं म्हणून काम मुद्दाम अर्धवट ठेवलं, असं तुमचं म्हणणं आहे.

दोन्ही वेळची जॉब कार्डं आणि फोटो काढून बघितले, मेकॅनिकशीही बोललो. काम अर्धवट ठेवलेलं नाही. असं का म्हणतो ते सांगतो.

पहिल्या वेळी पाणी इनडोअर युनिटच्या डाव्या कोपऱ्यातून भिंतीवर उतरत होतं, तेही एसी चालू असताना. बाहेर पाइपच्या टोकाला मात्र एक थेंब नव्हता. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की पाइप चोक झालाय हे जवळजवळ नक्की असतं. कॉइलवर, म्हणजे आतल्या थंड नळ्यांच्या जाळ्यावर, पाणी तर तयार व्हायचंच. कूलिंग कॉइल साधारण 5 ते 12 अंशांवर चालते, आणि खोलीतली हवा 30 अंश, आर्द्रता 70 टक्के असेल तर 24 अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. दमट दिवसात दीड टनाचा एसी तासाला लिटरभर, कधी त्याहून जास्त पाणी हवेतून काढतो. ते सगळं कॉइलखालच्या उथळ ट्रेमध्ये पडतं आणि अंगठ्याएवढ्या जाड पाइपातून, कुठल्याही पंपाशिवाय, निव्वळ उतारावर बाहेर जातं. ट्रे पाणी साठवायला केलेलीच नसते. पाइप अडला की थोड्याच वेळात ती भरते आणि पाणी खोलीत उतरतं.

व्हॅक्यूमच्या टाकीत काय आलं त्याचा फोटो आमच्याकडे आहे. आधी काळपट पाणी, मग बोटभर लांबीचा करडा, बुळबुळीत बोळा, त्यात कापसाचे तंतू आणि मेलेल्या मुंग्या. जाळीतून सुटणारी बारीक धूळ ओल्या कॉइलला चिकटते, पाण्याबरोबर ट्रेमध्ये येते, आणि तिथल्या अंधारात, ओलीत बॅक्टेरिया आणि बुरशी तिच्यावर वाढतात. त्यांचा चिकट थर पाइपला आतून धरतो आणि मागून येणारी धूळ अडवत राहतो. एक दिवस पाइप बंद होतो.

हा बोळा बाहेरच्या बाजूनं ओढून काढणं हीच त्यावरची योग्य पद्धत. अनेक जण बाहेरून ब्लोअरनं हवा मारतात. पाणी लगेच उतरतं, घरच्यांना बरं वाटतं, पण बोळा उलटा ट्रेमध्ये जाऊन बसतो आणि घाण पाणी कॉइलवर, कधी पीसीबीवर, म्हणजे एसीच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर, उडतं. भिंतीतला पाइपचा जॉइंट सुटला तर भिंत फोडण्यावाचून इलाज राहत नाही. तार घालणं त्याहून वाईट, कारण लवचिक पाइपला आत कुठे भोक पडलं ते भिंतीला ओल येईपर्यंत कळत नाही. आमच्या माणसांना दोन्हीची मनाई आहे.

आणि ते 'बाटलीभर पाणी' म्हणजे कामाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग होता. एक लिटर पाणी ट्रेमध्ये हळूहळू सोडलं आणि बाहेर बादलीत किती आलं ते मोजलं. धार सलग आली, पाणी तेवढंच भरलं. पाइप मोकळा झाल्याचा याहून साधा आणि पक्का पुरावा नाही. त्यानंतर युनिट तासभर उघडून ठेवता आलं असतं, कॉइलवर केमिकल मारता आलं असतं. बिल वाढलं असतं, गळती मात्र तेवढीच थांबली असती. वेळ कमी लागला म्हणून काम कमी झालं हे मला पटत नाही, आणि त्या भेटीचे पैसे आम्ही परत करणार नाही.

आता ब्लीचबद्दल, कारण हा रिव्ह्यू वाचून उद्या कुणी तरी ते ओतेल याची मला खरी काळजी आहे. तुम्ही दाखवलेला व्हिडिओ डक्टवाल्या सेंट्रल एसीचा होता. त्या सिस्टिममध्ये कॉइलच्या पुढे ड्रेनच्या पीव्हीसी पाइपला वर एक उघडं तोंड असतं, त्यावर झाकण असतं. त्यातून काही ओतलं तर ते फक्त पाइपात जातं. भिंतीवरच्या स्प्लिट युनिटला असं तोंड नसतं. इथे जे ओताल ते कॉइलवरून नाहीतर थेट कॉइलखालच्या ट्रेमध्ये जाणार. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ते ॲल्युमिनियमच्या फिन्स (कॉइलवरच्या पातळ पट्ट्या) आणि तांब्याच्या नळ्या खातं. नळीला टाचणीएवढं छिद्र पडलं तरी गॅस जातो. शिवाय वर ब्लोअर, म्हणजे खोलीत हवा फेकणारा पंखा आहे, ब्लीचचा वास तुम्ही झोपता त्या खोलीत पसरणार. आणि आधी कुणी व्हिनेगर टाकलेलं असेल तर ब्लीच आणि व्हिनेगर मिळून क्लोरिन वायू तयार होतो, तो फुप्फुसांना घातक असतो. ॲसिड, ड्रेनेज उघडायची पावडर, उकळतं पाणी, यातलं काहीही एसीच्या पाइपात घालू नका. उकळत्या पाण्यानं पीव्हीसी मऊ पडून वाकतं. मेकॅनिकनं तुमचं ऐकलं नाही ते बरोबर केलं, आणि त्याबद्दल मी त्याच्या पाठीशी उभा आहे.

दुसऱ्या वेळचं पाणी वेगळ्या कारणानं आलं होतं. तुम्ही फोनवर सांगितलंत की रात्रभर थंडावा कमी होता आणि सकाळी एसी बंद केल्यावर एकदम पाणी आलं. ते कोपऱ्यातून नव्हे, युनिटच्या पूर्ण लांबीतून पडलं. हे बर्फाचं लक्षण आहे. कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही किंवा गॅस कमी असला की कॉइल शून्याखाली जाते, दवाचा बर्फ होतो, आणि एसी बंद केला की तो वितळून ट्रेच्या बाहेर पडतो. मेकॅनिकनं आधी पुन्हा एक लिटर पाणी सोडून बघितलं. ते सगळं बाहेर गेलं, त्याचा व्हिडिओ तुमच्यासमोरच काढला. मग फिल्टर काढले, तर जाळीवर पुट्टीची पांढरी भुकटी इतकी दाट बसली होती की उजेडासमोर धरूनही पलीकडचं दिसत नव्हतं. मधल्या काळात घरात भिंती घासण्याचं काम झालं होतं. पाइपच्या कामाला आमची महिन्याची हमी होती, म्हणून पाइप तपासण्याचे पैसे लावले नाहीत. फिल्टर आणि कॉइल धुण्याचे लावले. बिलावर तसं वेगळं लिहिलेलं आहे.

गळती दिसली की सगळे पाइपावर येतात, हे मी समजू शकतो. पण पाणी कुठून आणि कधी पडतं हे नुसतं बघून ठेवलं, तरी निम्मं निदान तिथेच होतं. एसी चालू असताना कोपऱ्यातून आलं तर बहुधा पाइप. बंद केल्यावर सगळ्या लांबीतून आलं तर बहुधा बर्फ. ब्लोअरमधून तुषार उडाले तर पंखा घाणीनं भरलाय. आणि पाइप मोकळा असूनही आतून गुडगुड आवाज येत असेल तर दारंखिडक्या घट्ट बंद करून एक्झॉस्ट फॅन चालवलाय का ते बघा, अशा वेळी बाहेरची हवा ड्रेनच्या पाइपातून आत ओढली जाते. एखादी खिडकी किलकिली केली की आवाज थांबतो.

'घरीही करता येईल' हे त्यानं माझ्याच सांगण्यावरून म्हटलं, आणि ते मी इथे सगळ्यांसमोर लिहून देतो. बाहेरचं टोक गच्चीत, बाल्कनीत किंवा जमिनीजवळ असेल तरच हे करा. टोक उंचावर भिंतीला लटकत असेल तर खिडकीतून वाकून त्याला हात लावू नका, त्यासाठी माणूस बोलवा.

आधी एमसीबी, म्हणजे एसीचा मेन स्विच, बंद करायचा. रिमोटनं बंद केलेल्या एसीच्या आत वीज असते. मग पाइपचं टोक बघायचं. ते पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडलंय का, चिखलाचं किड्याचं घर झालंय का, कुंडीखाली दबलंय का. कित्येकदा काम इथेच संपतं. नाही संपलं तर ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम घ्यायचा. घरातला साधा व्हॅक्यूम चालणार नाही, पाणी मोटरमध्ये गेलं तर शॉक बसू शकतो. नळी आणि पाइप यांच्या जोडाभोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळायचं, हवा बाजूनं सुटली तर बोळा हलत नाही. मिनिट-दोन मिनिटं चालवून टाकीत काय आलं ते बघायचं, गरज पडली तर पुन्हा. मग युनिटचं पुढचं झाकण उघडून, फिल्टर काढून, बारीक तोंडाच्या बाटलीनं साधं पाणी कॉइलच्या खालच्या भागावर अगदी हळू सोडायचं. पीसीबी बहुतेक युनिट्समध्ये उजव्या बाजूला असतो, जिकडे असेल त्याच्या विरुद्ध बाजूनं. घाई केलीत तर पाणी ट्रेबाहेर जाईल. बाहेर बादली लावून पाणी मोजायचं. आत सोडलं तेवढं बाहेर आलं, तर आमची गरज नाही. थेंब थेंब आलं किंवा कमी भरलं, तर अडथळा बाकी आहे.

छतातला कॅसेट किंवा डक्टवाला एसी असेल तर हे करू नका. त्यात ड्रेन पंप आणि फ्लोट स्विच असू शकतो. पाणी वर आल्यावर तो स्विच एसी बंद करतो, आणि एसी चालावा म्हणून त्याची वायर जोडून टाकणारे लोकही भेटतात. तसं केलं तर पाणी छतातून खाली येतं.

मॅडम, तुमच्या घरचं एक काम अजून बाकी आहे. पहिल्या बिलाच्या तळाशी मेकॅनिकनं लिहिलंय: 'बाहेरचा पाइप मधे लोंबतोय, क्लॅम्प हवेत.' त्या दिवशी तुम्ही 'नंतर बघू' म्हणालात. त्या झोळीत पाणी कायम साचतं, गाळ तिथेच बसतो, आणि पाइप पुन्हा चोक होणार तो तिथूनच. दर मीटरला निदान 1 सेंटीमीटर उतार मिळेल असा पाइप ताणून क्लॅम्प करून घ्या. आमचा माणूस हवा असेल तर याच बिलाचा नंबर सांगून फोन करा, भेटीचे पैसे लागणार नाहीत, फक्त क्लॅम्पचे लागतील. आमच्याकडून नको असेल तर दुसऱ्या कुणाकडूनही करून घ्या, पण हवा दमट व्हायच्या आत घ्या.