रील साडेतीन मिनिटांची, मुलाखती मात्र पूर्ण बघा

गेले काही दिवस कोल्हापुरातल्या निम्म्याअधिक ग्रुपवर एक रील फिरतेय. जुन्या इंग्लिश टॉक शोंचे तुकडे एकामागं एक जोडलेत. इंग्लंडचा रॉक गायक डेव्हिड बोवी काठीनं स्टुडिओतला गालिचा खरवडतोय. सेक्स पिस्टल्स या पंक बँडची पोरं थेट प्रक्षेपणात शिव्या देतायत. त्यांचाच गायक जॉन लायडन दुसऱ्या एका कार्यक्रमात खुर्चीत रेलून सिगरेट मागतोय. अमेरिकन गायक बॉब डिलन गाणं चालू असताना माइक सोडून भलतीकडंच निघालाय. बीटल्सवाला जॉर्ज हॅरिसन नुसता बसलाय. वर मजकूर असा: ‘स्टेजवर वाघ, खुर्चीत शेळी! यांना दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. सगळे नशेत. बिचारे अँकर. आणि हा सगळा पब्लिसिटीसाठी आधीच ठरवलेला तमाशा. आपल्या कलाकारांनी असं कधी केलं नाही. असल्यांना टीव्हीवर बोलवायचंच कशाला?’

आमच्या ऑर्केस्ट्राच्या ग्रुपवर ही रील ढोलकीवाल्या दादांनी टाकली, खाली ‘नाद खुळा’ लिहून. त्या पाठोपाठ माझ्या गिटारवर दोनचार टोमणे आले. मी म्हटलं, दादा, यातले कार्यक्रम मी बघितलेत, एकेक मुद्दा घेतो. ‘घे की भावा, कोण अडवलंय,’ असं उत्तर आलं.

नशेपासून सुरुवात करतो, कारण तिथं रीलवाल्याचं निम्मं बरोबर आहे. अमेरिकेतल्या डिक कॅव्हेटच्या टॉक शोमधला बोवीचा तो भाग डिसेंबर १९७४ मध्ये दाखवला गेला. बोवी तेव्हा कोकेनच्या पुरता आहारी गेला होता आणि पुढं ते त्यानं स्वतःच सांगितलंय. सारखं नाक ओढणं, अंगावर मांस नाही, हातात काठी, नजर कॅव्हेटकडं कमी आणि जमिनीकडं जास्त. यावर वाद नाही.

वाद आहे तो रीलनं काय कापलं यावर. त्याच भागात याच माणसानं तीन गाणी म्हटलीत. एक ‘यंग अमेरिकन्स’, ज्या नावाचा अल्बम दुकानात यायला अजून तीनेक महिने होते. मागं कोरसमध्ये पुढं मोठा गायक झालेला ल्यूथर व्हँड्रॉस उभा आहे, तेव्हा त्याला कुणी ओळखतही नव्हतं. सॅक्सोफोनवर डेव्हिड सॅनबॉर्न, गिटारवर कार्लोस अलोमार. आणि ‘फुटस्टॉम्पिन’ नावाच्या जुन्या गाण्याला अलोमारनं जी गिटारची फ्रेज लावली होती, तीच पुढं ‘फेम’ या गाण्याचा कणा झाली. १९७५ मध्ये ‘फेम’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, बोवीचं तिथलं पहिलंच. म्हणजे त्या दिवशी स्टुडिओत जे घडत होतं त्यातला सगळ्यात मोलाचा भाग रीलवाल्यानं फेकून दिला आणि काठी तेवढी ठेवली. गिटार वाजवणाऱ्या कुणीही तो भाग नुसता अलोमारच्या उजव्या हातासाठी बघावा.

‘दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत.’ बोवीच घ्या मग. १९८३ मध्ये एमटीव्हीवर मुलाखत चालू असताना त्यानं उलट मुलाखतकारालाच विचारलं, तुमच्या चॅनेलवर कृष्णवर्णीय कलाकार इतके कमी का, आणि जे आहेत ते अपरात्री का? समोरचा मार्क गुडमन छोट्या गावांतल्या प्रेक्षकांचं कारण पुढं करत राहिला आणि बोवी आवाज न चढवता, हसतमुखानं, त्याचं एकेक उत्तर उसवत गेला. १९९९ मध्ये बीबीसीच्या न्यूजनाइटवर जेरेमी पॅक्समन इंटरनेटला नुसतं एक साधन म्हणत होता. बोवी म्हणाला, नाही, हे चांगलं आणि वाईट दोन्ही आपल्या कल्पनेबाहेरचं करणार आहे. पॅक्समन भुवया उंचावून ऐकत होता. तुम्ही म्हणाल, नशा सुटली म्हणून बोलायला लागला. असेलही. पण मग त्याला बोलता येत नव्हतं हे विधान तरी मागं घ्या. दोन्ही एकदम कसं चालेल?

आता ‘बिचारे अँकर’. इथं मला थोडा वेळ लागणार आहे.

१ डिसेंबर १९७६. लंडनच्या थेम्स टेलिव्हिजनचा ‘टुडे’, संध्याकाळचा, घरची पोरंबाळं बघतात त्या वेळचा, थेट प्रक्षेपण. सूत्रसंचालक बिल ग्रंडी, पाहुणे सेक्स पिस्टल्स. सुरुवातीलाच तो प्रेक्षकांना सांगतो, ही पोरं माझ्याइतकीच प्यालेली आहेत. म्हणजे ‘सगळे नशेत’ या यादीत बिचारे अँकरही आले, आणि तेही त्यांच्याच तोंडून. पहिला प्रश्न: रेकॉर्ड कंपनीकडून ४० हजार पौंड घेतलेत, हे तुमच्या विचारांना शोभतं का? प्रश्न वाईट नाही, पण विचारण्याची तऱ्हा सूड उगवल्यासारखी. मग बेथोव्हन, मोझार्ट यांच्यावरून टोमणे. लायडन तोंडातल्या तोंडात एक वाईट शब्द बोलतो आणि लगेच सावरतो, काही नाही, वाईट शब्द होता, पुढचा प्रश्न घ्या म्हणतो. दर्शनी शहाणपणा इथं विशीतल्या पोरानं दाखवलाय. ग्रंडी काय करतो? नाही नाही, शब्द काय होता तो सांग म्हणून मागं लागतो. शाळेतले मास्तर असंच करायचे.

पुढं आणखी वाईट. पोरांसोबत आलेली, मागं उभी असलेली त्यांची चाहती सूझी सू म्हणते, तुम्हाला भेटायची इच्छा होती. ती थट्टा करतेय हे उघड आहे. पन्नाशीतला ग्रंडी तिला टीव्हीवर सगळ्यांदेखत म्हणतो, मग कार्यक्रम झाल्यावर भेटूया का? गिटारवाला स्टीव्ह जोन्स त्यावर त्याला घाणेरडा म्हातारा म्हणतो. ग्रंडी त्याला थांबवत नाही. उलट डिवचतो, अजून पाच सेकंद आहेत, काहीतरी भयंकर बोला. जोन्स बोलतो. रीलमध्ये तेवढंच आहे, आधीचं डिवचणं नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांची पहिली पानं पोरांच्या नावानं निघाली, पण थेम्सनं दोन आठवड्यांसाठी घरी बसवलं ते ग्रंडीला. त्यांना कळलं होतं कुणाचं चुकलं.

हेच सगळं ‘आधीच ठरवलेलं’ होतं म्हणे. त्या संध्याकाळी पिस्टल्स येणारच नव्हते. क्वीन हा बँड येणार होता, त्यांनी ऐनवेळी कळवलं जमत नाही म्हणून. (आपल्या पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीला त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडं जायचं होतं, असं सांगतात.) दोघंही एकाच रेकॉर्ड कंपनीचे, म्हणून कंपनीनं मोकळे असलेले हे पाठवले. नंतर काय झालं? दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम गावोगावी रद्द झाले आणि जानेवारी १९७७ मध्ये कंपनीनं करार मोडला. नाव झालं, ते नाकारत नाही. पण बेत करणारा माणूस बेतात स्वतःचा दौरा बुडवत नाही. शिवाय एकाच मजकुरात ‘नशेत भान नव्हतं’ आणि ‘सगळं ठरवून केलं’ ही दोन वाक्यं शेजारी शेजारी बसलीत, ती लिहिणाऱ्यानं एकदा वाचली असती तरी बरं झालं असतं.

ठरवलेलं असतं ते वेगळंच. अमेरिकन टॉक शोत पाहुणा यायच्या आधी कार्यक्रमाचा एक निर्माता त्याच्याशी बोलून घेतो. कुठला किस्सा सांगणार, हशा कुठं येणार, कुठला विषय नको, हे सगळं पक्कं होतं आणि अँकरच्या हातातल्या कार्डांवर चढतं. जाहिरातींच्या मधली सहा-सात मिनिटं. सिनेमातल्या नटाला हे सोपं जातं, पाठ केलेलं सहज बोलणं हाच त्याचा धंदा. संगीतवाल्याला बहुतेक वेळा शेवटी एक गाणं, हात मिळवणी, संपलं. आणि कधी खुर्ची दिलीच तर वाद्य काढून घेऊन दिलेली. खासबागेच्या पैलवानाला सोफ्यावर बसवून ‘जरा धोबीपछाड दाखवा की’ म्हणण्यासारखं आहे हे. गुळगुळीत मुलाखती त्या ठरवलेल्या असतात, दादा. जिथं अवघडलेपण दिसतं तिथं कार्ड संपलेलं असतं.

आम्हालाही एकदा गणपतीत एका केबल चॅनेलनं बोलवलं होतं. पहिला प्रश्न, घरचे काय म्हणतात? दुसरा, पोटापाण्याचं काय? तिसरा, दोन ओळी म्हणून दाखवा की! मी गिटारवाला, गिटार खाली गाडीत. माझं तेव्हाचं तोंड या रीलमध्ये सहज खपलं असतं.

वेळ दिला की काय होतं तेही बघा. अमेरिकन गायक-गीतकार वॉरन झेव्हॉनला फुप्फुसाचा असाध्य कर्करोग निघाला तेव्हा, ३० ऑक्टोबर २००२ ला, टॉक शोवाल्या डेव्हिड लेटरमननं आपला अख्खा कार्यक्रम त्या एकट्याला दिला. मरणाच्या दारात असलेला माणूस डॉक्टरकडं वेळेत न गेल्याबद्दल स्वतःचीच थट्टा करत होता आणि लेटरमनला पुढचं कार्ड बघायची गरज पडत नव्हती. झेव्हॉन पुढच्या सप्टेंबरात गेला.

डिलनचं सांगायला फार नाही. २२ मार्च १९८४, लेटरमनचाच जुना कार्यक्रम, सोबत लॉस एंजेलिसचा प्लग्झ नावाचा पंक बँड. ‘गाणं सोडून पळाला’ असं रीलवर लिहिलंय. माउथ ऑर्गन प्रत्येक पट्टीचा वेगळा असतो. त्याच्या हातात चुकीच्या पट्टीचा आला, म्हणून तो बरोबरचा शोधायला गेला. पोरांनी ठेका सोडला नाही, फिरवत ठेवलं, तो आला आणि गाणं पुरं केलं. आमच्या ऑर्केस्ट्रात पट्टी चुकली की काय काय होतं हे ढोलकीवाल्या दादांनी मला सांगू नये. ही मुलाखत नव्हतीच, तो खुर्चीत बसलाच नव्हता. लायडनचंही थोडक्यात: १९८० मध्ये अमेरिकेतल्या टॉम स्नायडरच्या टॉक शोत तो उद्धट वागला, कबूल. पण पिस्टल्सनंतरचा आपला नवा गट हा बँड नाही, कंपनी आहे, हे तो तिथं सांगत होता. स्नायडर चिडलेला होता आणि लायडनला त्याची पर्वा नव्हती. दोघांनाही पूर्ण गुण.

‘खुर्चीत शेळी’ म्हणून ज्याला दाखवलंय तो हॅरिसन. याचा मला खरा राग आला. नोव्हेंबर १९७१, परत कॅव्हेटचाच कार्यक्रम, दीड तासाचा. सुरुवातीला हॅरिसन अडखळतो, उत्तरं तुटक, कॅव्हेट विनोद करतो ते पडतात. रील तिथं संपते. मूळ कार्यक्रम तिथं सुरू होतो. त्याच वर्षी १ ऑगस्टला हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोन कार्यक्रम केले होते. त्याचं रेकॉर्डिंग तयार होतं, पण कंपन्यांच्या घासाघिशीत अडकलं होतं. हॅरिसननं थेट कॅपिटल रेकॉर्ड्सच्या प्रमुखाचं, आपल्या भास्कर मेनन यांचं नाव घेऊन सांगितलं, मी दुसऱ्या कंपनीकडून काढतो, भास्कर, कर माझ्यावर दावा! राष्ट्रीय टीव्हीवर, मूठ उगारून. २० डिसेंबरला अमेरिकेत तबकडी बाजारात आली. पंडितजीही त्याच भागात येऊन बसलेत. शेळी म्हणे!

राहिले ‘आपले कलाकार’. कोल्हापुरात बसून हे वाक्य लिहायला धाडस लागतं. शाहू महाराजांच्या दरबारी ज्यांनी गाणं केलं त्या अल्लादिया खाँसाहेबांनी ग्रामोफोनच्या काळातही आपलं गाणं तबकडीवर दिलं नाही. त्यांच्याच परंपरेतल्या किशोरीताई आमोणकर श्रोत्यांत कुजबुज झाली की गाणं थांबवून सुनवायच्या. आणीबाणीत किशोरकुमारनं सत्ताधाऱ्यांसाठी गायला नकार दिला आणि १९७६ मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनवर त्याची गाणी बंद झाली. मे १९६३ मध्ये डिलनला एड सुलिव्हनच्या अमेरिकन टीव्हीवरच्या कार्यक्रमात एक राजकीय गाणं बदलायला सांगितलं, तर तो न गाताच निघून गेला होता. ते त्याचं टीव्हीवरचं मोठं पदार्पण ठरणार होतं. आपल्याकडच्याला आपण बाणेदार म्हणतो आणि त्यांच्याकडच्याला माजोरडा, एवढाच फरक मला दिसतो.

आणि ‘बोलवायचंच कशाला’ याचं उत्तर बोलवणाऱ्यांनी दिलंय. १९८४ च्या त्या माउथ ऑर्गनच्या गोंधळानंतर लेटरमननं डिलनला परत बोलवलं, पुन्हा बोलवलं, आणि १९ मे २०१५ ला, निवृत्तीच्या आदल्या दिवशीच्या भागात, गाण्यासाठी बोलवलं ते डिलनलाच. तो आला, एक जुनं गाणं म्हटलं आणि गेला. खुर्चीत तेव्हाही बसला नाही.