ठोकळ्यांचे विमान वजनामुळे पडत नाही

लेगोसारख्या खेळण्यातल्या ठोकळ्यांपासून बनवलेले रेडिओ-नियंत्रित विमान उडूच शकत नाही, आणि ते उडताना दिसले तर ती चित्रफीत बनावट असते, हे विधान सध्या सर्रास पुढे पाठवले जाते. त्यासाठी चार कारणे दिली जातात: प्लास्टिक फार जड असते, पंखावरचे गोल उंचवटे हवेचा प्रवाह मोडतात, सांधे हवेत सुटतात, आणि मोटार व बॅटरी बाहेरची असेल तर ते ठोकळ्यांचे विमान उरतच नाही. यांपैकी सांध्यांच्या मुद्द्यात बरेच तथ्य आहे, मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

वजनापासून सुरुवात करू. हे ठोकळे ज्या एबीएस प्लास्टिकचे असतात त्याची घनता पाण्याहून किंचित जास्त असते, पण ठोकळा आतून पोकळ असतो. दोन बाय चार उंचवट्यांचा नेहमीचा ठोकळा सुमारे २.३ ग्रॅम भरतो, म्हणजे त्याने व्यापलेल्या जागेच्या हिशेबाने त्याची घनता पाण्याच्या निम्म्याच्या आसपास येते. मॉडेल विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या हलक्या बाल्सा लाकडाच्या तुलनेत हे साधारण तिप्पट जड आहे, यात शंका नाही. परंतु विमान उडेल की नाही हे केवळ सामग्रीच्या जडपणावरून ठरत नाही. एकूण वजन, पंखाचे क्षेत्रफळ आणि वेग यांचा मेळ बसतो की नाही, यावर ते ठरते. उचल, म्हणजे पंखाला हवेकडून मिळणारा वरच्या दिशेचा जोर, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वजन दुप्पट झाले तर त्याच पंखाला वेग दुप्पट लागत नाही, सुमारे १.४ पट पुरतो. दीड मीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद पंखाचे, २ किलो वजनाचे विमान धरले, तर त्याला सरळ उडत राहण्यासाठी ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास वेग लागेल, आणि मॉडेल विमानांच्या दृष्टीने हा वेग अजिबात असाधारण नाही.

उंचवट्यांमुळे हवेचा रोध वाढतो, पण उचल नाहीशी होत नाही. सपाट फोमच्या पत्र्याचे पंख असलेली मॉडेल विमानेही उडतात. पंखाच्या पुढच्या कडेला गुळगुळीत तुकडे बसवले की बराच फरक पडतो.

खरी अडचण सांध्यांची आहे. दोन चपटे तुकडे एकमेकांवर दाबून बसवा आणि त्यांना लांबीच्या दिशेने ओढून पाहा: ते सहज सुटत नाहीत. आता एका टोकाला नख घालून उचला: ते अलगद सोलले जातात. उडताना पंख वरच्या बाजूला वाकतो, त्याचा खालचा थर ताणला जातो, आणि ताण एका सांध्याशी साचला की तिथूनच सोलण्याची सुरुवात होते. म्हणून गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तसेच इथेही प्रत्येक थराचे सांधे सरकवून बसवावे लागतात आणि पंखाच्या आतून कार्बनची नळी आरपार न्यावी लागते. यावर उपाय आहे, त्यामुळे ‘अशक्य’ हा शब्द इथे लागू पडत नाही.

बाहेरच्या मोटारीचा आक्षेप मला सर्वांत कमकुवत वाटतो. वर घेतलेल्या विमानाला ढोबळमानाने १०० वॅट शक्ती लागेल, आणि खेळण्याच्या संचातली मोटार त्याच्या जवळपासही पोहोचत नाही, हे खरे आहे. पण बाल्साच्या विमानाची मोटार, बॅटरी आणि रिसीव्हर तरी कुठे लाकडाचे असतात? तरीही त्याला लाकडी विमान म्हणताना कोणी अडखळत नाही.

ज्या कारणाने अशी विमाने सर्वाधिक वेळा जमिनीवर येतात, त्याचा या विधानात उल्लेखही नाही. ते कारण म्हणजे जड शेपूट. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव भागावर, म्हणजे इथे ५ ते ६ सेंटिमीटरवर, असावा लागतो. त्याच्या ७५ सेंटिमीटर मागे शेपटीत ५० ग्रॅम ठोकळे जास्त झाले, तर तोल साधण्यासाठी २५ सेंटिमीटर पुढे नाकात तब्बल १५० ग्रॅम घालावे लागतात. म्हणून शेपूट उघड्या सांगाड्याची ठेवून तिच्यावर पातळ प्लास्टिक ताणून बसवणे शहाणपणाचे ठरते. उरलेली दुरुस्ती बॅटरीने करता येते: दोन उंचवट्यांमधले अंतर नेमके ८ मिलिमीटर असल्याने २०० ग्रॅमची बॅटरी एक घर पुढे सरकवली की २ किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य ०.८ मिलिमीटर पुढे येतो, आणि प्रत्येक चाचणीनंतर ती किती घरे सरकवली हे मोजून लिहून ठेवता येते.