व्हेनिसला जाताय? मुक्काम पादुआत करा

इटलीच्या टूरमध्ये व्हेनिस हमखास असतं आणि तिथून रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावरचं पादुआ हमखास सुटतं. माझ्या मते उलट करावं. राहायचं पादुआत आणि व्हेनिस दिवसभरात बघून यायचं. खोली स्वस्त पडते हे आहेच, पण खरं कारण चित्रकार जोत्तो.

त्याने 1305च्या सुमारास रंगवून संपवलेलं स्क्रोवेन्यी चॅपल स्टेशनपासून चालत 10-15 मिनिटांवर आहे. वेळेचं बुकिंग आधीच करा, ऐनवेळच्या तिकिटावर विसंबू नका. आत सोडण्याआधी 15 मिनिटं एका काचेच्या खोलीत बसवतात. अंगावरची धूळ, दमटपणा भिंतींपर्यंत पोचू नये म्हणून ही खबरदारी. मग आत 15 मिनिटं. गाडी लेट झाली आणि तुमची पाळी हुकली की गेली! म्हणूनच म्हणतो, गावात राहा.

आत सगळंच बघायला गेलात तर धड काहीच दिसणार नाही. सहा खिडक्यांच्या भिंतीवर मधल्या ओळीत बाळ येशूला भेटायला आलेले राजे शोधा. वर आकाशात धगधगती शेपटी असलेला तारा आहे. 1301 साली दिसलेला हॅलेचा धूमकेतूच जोत्तोने काढला, असं मानतात. आता मरियमच्या झग्याकडे बघा. निळा रंग बराचसा उडालाय. बाकीचे रंग ओल्या चुन्यात मुरून भिंतीचाच भाग झाले. हा निळा ओल्या चुन्याला चालत नाही, म्हणून सुकल्यावर चिकटवून दिला आणि त्याचेच पोपडे निघाले.

समोरच्या भिंतीवर, खालच्या ओळीत, येशूच्या मृतदेहापाशी दोन बायका पाठमोऱ्या बसल्यात. चेहरे दिसतच नाहीत, तरी नुसत्या पाठींवरून दुःख कळतं. इथे निवांत थांबा. शेवटची तीन मिनिटं अंतिम न्यायाच्या, म्हणजे जगाच्या शेवटी होणाऱ्या देवाच्या निवाड्याच्या, भिंतीसाठी ठेवा. नरकात आपल्याच थैल्यांच्या बंदांना लटकलेले सावकार आहेत आणि खाली चॅपलची प्रतिकृती अर्पण करणारा, ते बांधून घेणारा एन्रिको स्क्रोवेन्यी. तो स्वतः सावकाराचाच मुलगा!

कर्जाचा हा धागा गावातही सापडतो. पालाझ्झो देल्ला राजोने या जुन्या न्यायालयाच्या प्रचंड दालनात (सोमवारी बंद) एक काळा दगड आहे. पूर्वी बुडीत कर्जदाराने नुसत्या आतल्या कपड्यांवर त्यावर तीनदा बसायचं, सगळी मालमत्ता सोडायची आणि गाव सोडायचं. अपमानच तो, पण त्याआधी तुरुंग होता. 1231 साली तो तुरुंगवास टळला तो संत अँथनींच्या शब्दावरून. गोव्यात सांत आंतोन म्हणून ज्यांना साकडं घालतात, तेच हे.

त्यांचं थडगं इथल्या बॅसिलिकात आहे. प्रवेश फुकट, फक्त खांदे झाकलेले हवेत. थडग्यामागच्या दगडावर तळवा टेकवून लोक डोळे मिटून उभे असतात. तिथे फोटो काढू नका.